वाचक विचारतात : सायकलला विजेची मोटार जोडताना

साध्या सायकलला विजेची मोटार जोडण्याविषयी गेल्या काही महिन्यांत इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. निवडलेली पत्रे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली आहेत. एकीकडे घाटाचा चढ आणि दुसरीकडे कृष्णाकाठची सपाटी असल्यामुळे एकाच प्रकारच्या किटविषयी अगदी वेगवेगळ्या अडचणी त्यांत आल्या आहेत. किट म्हणजे मोटार, तिला वीज पुरवणारा कंट्रोलर, बॅटरी, चार्जर, मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा हँडलवरचा थ्रॉटल, पायडल फिरत असल्याची खबर देणारा सेन्सर आणि ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा कट-ऑफ स्विच असा संच होय.

बहुतेक पत्रांत मोटार किती वॉटची घ्यावी हा प्रश्न पहिला असतो. चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच, ब्रेक आणि वायरींचे जोड यांच्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. उत्तरे देताना मी मुद्दाम याच गोष्टींपाशी अधिक थांबलो आहे, कारण किटमधले विजेचे भाग कारखान्यातून जोडून आलेले असतात, पण ते सायकलला धरून ठेवणारा सांधा आपल्या हातांनी तयार होतो आणि अपघात झालाच तर तो बहुधा तिथेच होतो.

प्रश्न : माधवनगरहून सांगलीत माझा दुधाचा रतीब आहे. सायकल जुन्या पद्धतीची, २८ इंची, सळईच्या ब्रेकची आहे. मागे दोन्ही बाजूंच्या कॅनमध्ये मिळून ४० लिटर दूध असते. गुडघे दुखू लागल्यामुळे मोटार बसवण्याचा विचार आहे. दुकानदार मागच्या चाकात बसणारी हब मोटार सुचवतात. ती घ्यावी का?
(एक दूधविक्रेते, माधवनगर)

उत्तर : आपल्या सायकलसाठी मी हब मोटार सुचवणार नाही. हब मोटार चांगलीच असते, पण ती घेतली की आपले मागचे चाक पूर्ण बदलावे लागेल आणि चाकापाठोपाठ ब्रेकही जाईल. जुन्या २८ इंची सायकलींना सहसा पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, तर हब मोटारीला बहुधा ३६ आऱ्यांची छिद्रे असतात, त्यामुळे आपली रिम तिला चालत नाही. किटबरोबर जे तयार चाक येते त्याची रिम बाजूने दाबणाऱ्या रबरांसाठी किंवा डिस्क ब्रेकसाठी घडवलेली असते. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या कडेवर, खालून वर ओढला जातो आणि त्याला या नव्या रिमवर टेकायला जागाच मिळत नाही. शिवाय मागच्या चिमट्याची रुंदी एका फ्रीव्हीलच्या चाकापुरती असते, मोटार तिच्यापेक्षा रुंद असते. लोखंडी फ्रेम थोडी फाकवता येते हे खरे, पण इतके सगळे बदलूनही ४० लिटर दुधाचा भार नव्या चाकाच्या कमी आऱ्यांवर येणार.

त्याऐवजी मागच्या चाकाच्या शेजारी, चेनच्या बाजूच्या नळीवर बसणारी २४ व्होल्ट, २५० वॉटची गिअरपेटीची मोटार घ्यावी. ती स्वतंत्र छोट्या चेनने मागच्या चाकावरचे दुसरे फ्रीव्हील फिरवते. चाक, आरे, रिम आणि ब्रेक जसेच्या तसे राहतात आणि बॅटरी संपली तरी सायकल नेहमीसारखी पायडलवर चालते. तिचा आवाज हब मोटारीपेक्षा जास्त येतो आणि आतले कार्बन ब्रश काही काळाने बदलावे लागतात, मात्र ते काम कोणताही मोटार वाइंडिंगवाला करून देतो. मोटारीचा पत्रा फ्रेमला वेल्डिंगने जोडू नका. जुन्या फ्रेमचे सांधे पितळी झाळकामाने जोडलेले असतात आणि शेजारच्या वेल्डिंगच्या उष्णतेने ते सैल पडतात. दोन यू-बोल्ट, नळीभोवती रबराची पट्टी आणि वरून लॉकनट एवढ्याने पत्रा पक्का बसतो. दोन्ही चेनची चाके एका रेषेत आली आहेत का, हे सरळ पट्टी लावून पाहावे, कारण अर्धा सेंटिमीटरचा तिरपेपणाही भाराखाली चेन उतरवतो.

आता ब्रेकविषयी. आपण, सायकल, कॅन आणि दूध मिळून वजन १३० किलोच्या वर जाते. आज भरल्या कॅननी आपण ताशी १२ किलोमीटरने जात असाल आणि मोटारीने वेग २० झाला, तर सायकल थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेतीन पटींहून थोडी जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक निम्माही लागत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. म्हणून आधी चारही ब्रेक-रबरे नवीन घाला, सळयांचे सांधे तेल घालून मोकळे करा आणि थ्रॉटल ताशी १५ किलोमीटरच्या आसपास थांबेल अशी व्यवस्था कंट्रोलर बसवणाऱ्याकडून करून घ्या. किटबरोबर येणारे कट-ऑफचे ब्रेक-लिव्हर आपल्या हँडलला बसणार नाहीत. त्यांच्या जागी मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकला असतो तो स्प्रिंगने ओढला जाणारा दिव्याचा स्विच घेऊन त्याची स्प्रिंग ब्रेकच्या सळईला अडकवावी आणि त्याच्या दोन वायरी कंट्रोलरच्या ब्रेकच्या जोडाला द्याव्यात. सळई हलताच मोटार बंद पडते. हा स्विच बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

बॅटरी शिशाची स्वस्त पडते, पण १२ व्होल्टच्या दोन जोडूनही भाराखाली तिच्यावर छापलेल्या क्षमतेच्या निम्मी-साठ टक्केच वीज वापरता येते आणि रोज पूर्ण चार्ज न केल्यास ती लवकर मरते. रोजच्या रतीबासाठी २४ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी अधिक परवडेल.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे. राजवाड्याकडून शाळेकडे येताना-जाताना चढ असल्यामुळे तिच्या सायकलच्या पुढच्या चाकात मोटार बसवावी असे वाटते. पुढे शॉकअपचा चिमटा आहे. पुढचे किट बसवायला सोपे असते असे ऐकले.
(एक पालक, सातारा)

उत्तर : बसवायला सोपे असते हे खरे आहे, तरीही ते बसवू नका. शॉकअपच्या चिमट्याचे खालचे पाय ओतीव ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचे असतात आणि त्यातली एक्सलची खाच चाकाचे वजन उचलण्यासाठी असते, मोटारीचा पीळ सोसण्यासाठी नसते. लोखंड आधी वाकते आणि सूचना देते, ओतीव धातू मात्र न वाकता एकदम तुटतो, आणि पुढचे चाक निसटले तर सावरायला वेळ मिळत नाही. मोटार मागच्या चाकातच घ्या. त्यातही थ्रॉटल न जोडता पायडल मारल्यावरच मदत देणारा सेन्सर तेवढा जोडा.

प्रश्न : माझ्या सायकलला मागच्या चाकात ३६ व्होल्टची हब मोटार आहे. पंक्चर काढून आणल्यापासून निघताना मोटार घरघरते, सायकल धक्के खाते आणि कधी कधी चाक फिरतच नाही. मोटार जळाली असेल का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : वर्णनावरून मोटार जळालेली दिसत नाही, बहुधा जोड नीट बसलेला नाही. आपल्या मोटारीत तीन जाड आणि पाच बारीक वायरी जातात. जाड पिवळी, हिरवी आणि निळी वायर मोटारीला वीज देते. बारीक पाचांपैकी दोन, लाल आणि काळी, हॉल सेन्सरला पाच व्होल्ट पुरवतात आणि उरलेल्या तीन फिरणाऱ्या चुंबकाची जागा कंट्रोलरला कळवतात. तीनपैकी एक जरी खबर पोहोचली नाही, तर कंट्रोलर चुकीच्या क्षणी चुकीच्या वेटोळ्यात वीज सोडतो आणि आपण लिहिले आहे तसेच घडते.

मोटारीजवळचा नऊ पिनांचा गोल जोड उघडून पाहा. दोन्ही बाजूंवर बाण कोरलेले असतात. ते समोरासमोर न आणता जोड पिळून दाबला गेला, तर आतली एखादी बारीक पिन आडवी होते. चिमटीने ती सरळ करता येते. त्यानंतर जोड इतका आत गेला पाहिजे, की त्यावरची रेघ दिसेनाशी व्हावी. एवढे करूनही धक्के राहिले, तर एक्सलमधून वायर बाहेर पडते त्या ठिकाणी हात फिरवून पाहा. तिथे वेष्टण कापले गेले असेल किंवा वायरीला पीळ पडला असेल, तर प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण याचा अर्थ एक्सल खाचेत फिरलेला आहे.

हा भाग सविस्तर सांगतो. हब मोटारीचा एक्सल १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि खाचेत बसण्यासाठी त्याच्या दोन बाजू घासून १० मिलिमीटर सपाट केलेल्या असतात. मोटार चाकाला पुढे ढकलते तेव्हा तितक्याच जोराने एक्सल उलट फिरू पाहतो. ४० न्यूटन-मीटरचा पीळ असेल, तर सपाट बाजूंच्या कडांवर शेकडो किलो वजनाइतका जोर येतो आणि तोही प्रत्येक वेळी निघताना. नट सैल असेल, तर कडा खाचेचे ओठ हळूहळू चिरडतात, खाच रुंद होते आणि एके दिवशी एक्सल गर्रकन फिरून वायरी मुळापासून पिळवटतो. ते होऊ नये म्हणून दात असलेला वायसर खाचेत दात बसवून घालतात आणि त्यावर टॉर्क आर्म बसवतात. टॉर्क आर्म म्हणजे जाड पोलादी पट्टी. तिचे एक टोक एक्सलच्या सपाट बाजूंना घट्ट धरते आणि दुसरे टोक फ्रेमच्या नळीला आवळलेले असते. ती पाच-सहा मिलिमीटर जाड असावी आणि एक्सलवर हाताने हलता कामा नये. पंक्चर काढताना हे वायसर जसे निघाले त्याच क्रमाने परत बसले का, हे तपासणे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. नट आवळायला सायकलचा चपटा पाना पुरत नाही. रिंग पाना घ्या आणि शक्य असल्यास टॉर्क पान्याने ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. वायर एक्सलमधून बाहेर पडताना खालच्या दिशेला वळलेली असावी आणि वर जाण्यापूर्वी तिला एक झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून मोटारीत शिरण्याऐवजी झोलाच्या तळाशी थेंबाने गळून जाते.

पुढच्या पंक्चरच्या वेळी चाक काढूच देऊ नका. आपल्याकडचे जुने पंक्चरवाले चाक जागेवर ठेवून टायरची एक बाजू रिमवरून उचलतात, ट्यूब बाहेर ओढून पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे पाहतात आणि ठिगळ लावून तशीच आत सारतात. हब मोटारीसाठी याहून चांगली पद्धत नाही.

प्रश्न : मी वाईत राहतो आणि पाचगणीला शिक्षक आहे. सात गिअरची ॲल्युमिनियमची सायकल आहे. पसरणी घाट मोटारीच्या मदतीने रोज चढता येईल का? हब मोटार घ्यावी की पायडलजवळ बसणारी? बॅटरी किती मोठी लागेल?
(एक शिक्षक, वाई)

उत्तर : येईल, पण आपणही पायडल मारणार असाल तरच. हिशेब मांडून दाखवतो. आपण आणि सायकल मिळून १०० किलो वजन धरले, तर दर १०० मीटर उंची चढण्यासाठी सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा लागते. हा आकडा घाटरस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरची चढण आहे, म्हणजे वरची बाजू धरून सुमारे १६५ वॉट-तास लागतील आणि १२ किलोमीटरच्या रस्त्यावर टायरच्या घर्षणासाठी आणखी ३० ते ३५. मोटार आणि कंट्रोलर मिळून बॅटरीतली जवळपास ३० टक्के वीज उष्णतेत जाते असे धरले, तर नुसत्या मोटारीवर घाट चढायला सुमारे २८० वॉट-तास लागतील. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासांच्या बॅटरीत या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतके, म्हणजे एकूण २७० वॉट-तास असतात, त्यामुळे ती पाचगणीच्या अलीकडेच संपेल. आपण तासभर १०० वॉटने पायडल मारले, आणि बेताच्या प्रकृतीच्या माणसाला तेवढे जमते, तर बॅटरीवरचा भार १४० वॉट-तासांच्या आसपास येतो. तरीही बॅटरी १० अँपिअर-तासांचीच घ्यावी. दोन-तीन वर्षांनी तिची क्षमता कमी झाल्यावरही घाट पुरा झाला पाहिजे.

मोटारीचा निर्णय आपल्यासाठी सोपा आहे. हब मोटारीला गिअर बदलता येत नाही. ती सपाटीवरच्या वेगासाठी घडवलेली असते आणि घाटात वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर आला, की तिची कार्यक्षमता घसरते आणि न वापरली गेलेली वीज तिच्या वेटोळ्यांत उष्णता बनून साठत राहते. गिअर असलेल्या हब मोटारीच्या आत नायलॉनची दातेरी चाके असतात. तासभर सतत तापणे हे त्यांचे आयुष्य कमी करणारे काम आहे. पायडलच्या जागी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटार आपल्याच चेनमधून आणि गिअरमधून जोर देते, म्हणून मागे मोठे दातेरी चाक लावले की मोटार तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते आणि सायकल मात्र हळू चढते. घाटासाठी मी निःसंशय हीच घेण्यास सांगेन.

घेण्यापूर्वी पायडलचा एक्सल जिथून जातो त्या नळीची रुंदी मोजा. ती ६८ किंवा ७३ मिलिमीटर आणि आतून आटे असलेली हवी. आटे नसलेल्या, बेअरिंग दाबून बसवलेल्या नळीला हे किट थेट बसत नाही. एका गोष्टीची सवय लावून घ्यावी लागेल. मोटारीचा जोर चेनवर असताना गिअर बदलू नका. क्षणभर पायडल थांबवून मोटार शांत झाल्यावर बदला, नाहीतर चेन तुटेल किंवा मागची दातेरी चाके झिजतील. चेन नेहमीपेक्षा लवकर ताणली जाणार हे गृहीत धरून ती दर काही महिन्यांनी पट्टीने मोजा. आतली आणि बाहेरची मिळून एक कडी धरली, तर बारा कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये १२ इंच असते. ती सव्वाबाराच्या दिशेने सरकू लागण्यापूर्वीच, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने वाढल्यावर, चेन बदलावी.

बॅटरी पाण्याच्या बाटलीच्या जागी दोन स्क्रूंवर बसते. हे स्क्रू ज्या बारीक नटांत जातात ते ॲल्युमिनियमच्या पातळ नळीत नुसते दाबून बसवलेले असतात आणि खड्ड्यांत तीन किलोंचे वजन त्यांना सैल करते, म्हणून वरून नळीभोवती दोन पट्टे आवळावेत. उतरताना मोटारीची कोणतीही मदत मिळणार नाही, कारण मिड-ड्राइव्ह उतारावर चाकाला रोखू शकत नाही. पसरणी घाटाचा सगळा उतार ब्रेकवरच काढायचा आहे. सायकलला बाजूने दाबणारी रबरे असतील आणि फ्रेमवर डिस्क बसवण्याची सोय असेल, तर किटच्या आधी डिस्क ब्रेक बसवून घ्या. सोय नसेल, तर चांगल्या प्रतीची रबरे वापरा, दोन्ही ब्रेक आलटून पालटून लावा आणि लांब उतारावर मध्ये थांबून रिमला हात लावून पाहा. हात टेकवत नसेल इतकी ती तापली असेल, तर ट्यूबही तितकीच तापलेली आहे.

प्रश्न : माझे किट ३६ व्होल्ट, २५० वॉटचे आहे. त्याला ४८ व्होल्टची बॅटरी जोडली तर वेग वाढतो असे व्हिडिओंत दाखवतात. वाढवावा का?
(एक विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : वेग वाढतो, आणि त्याच कारणासाठी वाढवू नये. मोटारीचा वेग व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी २५ किलोमीटरची सायकल ३२-३३ वर जाईल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार विजेच्या मदतीची सायकल मोटार वाहन धरली जाऊ नये यासाठी मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असावी लागते, वेग २५ वर पोहोचताच किंवा पायडल थांबताच मोटारीची मदत बंद व्हावी लागते, बॅटरी वगळता वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावे लागते आणि योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा लागतो. ही मर्यादा ओलांडली, की आपली सायकल नोंदणी, विमा आणि परवाना नसलेले मोटार वाहन ठरते. रस्त्यात कोणाला धक्का लागला, तर नुकसानभरपाईचा सगळा बोजा आपल्यावर किंवा आपल्या पालकांवर येऊ शकतो.

तांत्रिक बाजूही पाहा. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते, ४८ व्होल्टची ५४.६ देते. कंट्रोलरच्या आतल्या उभ्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरवर ५० व्होल्ट छापले असेल, तर तो पहिल्याच दिवशी फुगण्याची शक्यता आहे. तिथे ६३ असले तरी कंट्रोलर ३० व्होल्टच्या आसपास बॅटरी संपली असे मानतो, तर ४८ व्होल्टची बॅटरी त्याच्या कितीतरी आधी, ३९-४० व्होल्टलाच थांबवायला हवी. म्हणजे तिला खोलवर रिकामी होण्यापासून वाचवायला तिच्या आतले संरक्षक सर्किट तेवढे उरते. तुम्हाला पैसे खर्चच करायचे असतील, तर ३६ व्होल्टचीच पण जास्त अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. जुन्या लॅपटॉपमधले सेल जमवून स्वतः बॅटरी बांधण्याचा विचार पत्राच्या शेवटी लिहिला आहे, तो सोडून द्या. निरनिराळ्या वयाचे सेल एकत्र बांधले की कमकुवत सेल प्रत्येक चार्जिंगला जास्त भरला जातो, आणि सेलला थेट कावियाने शिसे लावताना आतला पातळ पडदा तापून खराब होतो. घरात पेट घेणाऱ्या बॅटरीला पाण्याची बादली पुरत नाही.

प्रश्न : पुराच्या पाण्यात आमची सायकल बॅटरीसकट दोन दिवस बुडाली होती. बॅटरी आठवडाभर उन्हात वाळवली. मीटरवर ३१ व्होल्ट दाखवते. आता चार्जिंगला लावावी का?
(एक वाचक, सांगलीवाडी)

उत्तर : लावू नका. ती आज घराबाहेर काढा. अंगणात, सावलीत, भिंतीपासून आणि गवतापासून दूर, कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत ठेवा आणि मुलांना तिकडे जाऊ देऊ नका. मीटर व्होल्ट दाखवतो म्हणजे बॅटरी चांगली आहे, असा समज होतो, पण मीटर फक्त दोन टोकांमधला फरक सांगतो. कृष्णेच्या पुराच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि खतांचे क्षार असतात. हे पाणी वाळले तरी गाळ आणि क्षार सेलना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्यांवर व संरक्षक सर्किटच्या बारीक रेषांमध्ये राहतात आणि ओलसर हवेत पुन्हा वीज वाहू देतात. बॅटरीतल्या सेलच्या दहा जोड्यांपैकी एखादी हळूहळू रिकामी होत राहते, सर्किटला ते कळेनासे होते आणि चार्जर लावल्यावर उरलेल्या जोड्या प्रमाणाबाहेर भरल्या जातात. आग त्या दिवशी लागेलच असे नाही. कित्येक दिवसांनी, रात्री चार्जिंग चालू असताना लागू शकते. बॅटरी उघडून धुण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही ऐकू नका.

ती कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, गाडीत दाबली गेली तरी पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याला बिलासह कळवा किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. चार्जरही पाण्यात बुडाला असेल, तर तोही बाद समजा.

मोटार मात्र बहुधा वाचते. बाजूचे झाकण स्क्रू काढून उघडावे, गाळ स्वच्छ पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा, दोन-तीन दिवस सावलीत हवेवर वाळवावी, दोन्ही बेअरिंग बदलावीत आणि आतल्या दातेरी चाकांना नवे ग्रीस द्यावे. कंट्रोलर उघडून सर्किटवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर तो बदलावा, कारण नव्या बॅटरीवर जुना गंजका कंट्रोलर लावणे परवडत नाही. नवी बॅटरी घेताना चावीने सुटी होणारी घ्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पाणी इशारा पातळीकडे चालले असल्याचे कळताच बॅटरी काढून वरच्या मजल्यावर न्या, आणि जास्त दिवस पडून राहणार असेल तर ती पूर्ण भरून न ठेवता निम्मी भरलेली ठेवा.